एकोणऐंशीची शेळी

शनिवार सकाळ. म्हणजे आमच्या धंद्यात जी अकराला सुरू होते ती. जुना लॅपटॉप विकायला काढायचाय म्हणून डी ड्राइव्ह रिकामा करत बसलो होतो. त्यात एक फोल्डर सापडला, 'बीई प्रोजेक्ट'. त्याच्या आत 'फायनल', त्याच्या आत 'फायनल फायनल' आणि त्याच्याही आत 'फायनल आता खरंच'. (ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांना पुढचं सांगायला नको.) सगळ्यात तळाशी एक एपीके फाइल. २०१९ सालची, ८४ एमबी.

म्हटलं बघू तरी. फोनवर टाकली, तर फोनने सरळ नकार दिला. हे अॅप म्हणे फारच जुन्या अँड्रॉइडसाठी बनवलंय. आता यात फोनची काही चूक नाही, चूक आमचीच. किंवा लबाडी म्हणा. अँड्रॉइड ६ पासून अॅपला ज्या परवानग्या लागतात त्या अॅप चालू असताना मागाव्या लागतात. पण अॅपचं 'टार्गेट' २३ च्या खाली ठेवलं की तो पॉपअप यायचा नाही, सगळ्या परवानग्या इन्स्टॉल करतानाच मिळून जायच्या. आम्हाला स्कोअरची फाइल लिहायला स्टोरेज हवं होतं आणि सबमिशनला चार दिवस उरले होते. ठेवलं २२, विषय संपला. २०२३ साली अँड्रॉइड १४ आलं आणि त्याने असल्या २३ च्या खालच्या सगळ्या अॅप्सना दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली. शेवटी केबल लावून, कमांड लाइनवरून एक जास्तीचा फ्लॅग देऊन ती घुसवली.

गेम उघडली. काळा स्क्रीन, मग हिरवं मैदान, मग एक आवाज:

"या पाव्हणं! शेळी बघा, चार दाती हाय."

मी फोन उलटा करून गादीवर ठेवला आणि चहा करायला उठलो.

तो आवाज आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमधल्या एकाचा आहे. त्याच्याशी चार वर्षांत बोललो नव्हतो. भांडण वगैरे काही नाही. भांडण असतं तर सोपं होतं.

तर हे काष्टीचं. नगर जिल्हा (आता २०२४ पासून अहिल्यानगर), श्रीगोंदा तालुका. मी पुण्याच्या बाजूचा. कॅप राउंडमध्ये मार्कांनी जिथे नेलं तिथे गेलो. पुण्याहून गाडीने दौंड, तिथून एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर वडाप. भीमेचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. काष्टीला रेल्वे स्टेशनही आहे, दौंड-मनमाड मार्गावर, पण तिथे थांबणाऱ्या गाड्यांचं आणि आमच्या लेक्चर्सचं कधी जमलं नाही. पहिल्या वर्षी मी रोज स्वतःची कीव करायचो. दुसऱ्या वर्षी बाजार बघितला.

काष्टीचा जनावरांचा बाजार शनिवारी भरतो. बैल, गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या. आजूबाजूच्या जिल्ह्यांतले टेम्पो पहाटेपासून येऊन उभे असतात. मला तिथे पहिल्यांदा घेऊन गेला तो हाच, आवाजवाला. त्याचे वडील शेळ्यांचे व्यापारी. आम्ही हॉस्टेलवर एकमेकांना गावावरूनच हाक मारायचो, एक दौंडवाला, एक करमाळ्यावाला, मी पुणेवाला, आणि हा बाजारवाला. त्याला एक वर्ष वायडी लागला होता. त्यामुळे तो आमच्यापेक्षा मोठा, आणि वर्गात मागच्या बाकावर. मॅथ्सचे दोन पेपर त्याने ज्या हालात काढले ते बघवत नव्हतं. आणि हाच माणूस बाजारात सव्वीस शेळ्यांचा सौदा, वाहतूक, दलाली, बाजार फी वजा करून वडिलांना आकडा सांगायचा, तोही चहाचा कप हातातून खाली न ठेवता!

फायनल इयरला, २०१८ च्या जुलैमध्ये, आम्ही चौघं एका ग्रुपमध्ये आलो. विषय ठरला, दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी गणिताची मोबाइल गेम. खरं कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी जिओ आलं होतं, वस्तीवरच्या घरातही एक तरी टचचा फोन होता, आणि 'ग्रामीण शिक्षण' हा शब्द सिनॉप्सिसमध्ये असला की विषय पटकन मंजूर होतो असं सीनियरने सांगितलं होतं. तळमळ वगैरे नंतरची.

पहिली आवृत्ती मी आणि दौंडवाल्याने तीन आठवड्यांत केली. युनिटी आणि सी शार्प. वर गणित, खाली चार पर्याय, बरोबर आलं की टाळ्या. आणि पहिल्याच दिवशी मराठीने आमची जिरवली. युनिटीला तेव्हा देवनागरी जोडता येत नव्हती. म्हणजे अक्षरं दाखवायची, पण जोडाक्षरं फुटायची आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसायची. 'किती' लिहिलं की भलतंच काहीतरी दिसायचं. कारण असं, की ऱ्हस्व वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर पण काढायची असते व्यंजनाच्या आधी, आणि ही अदलाबदल करणारं जे वेगळं यंत्र लागतं ते ब्राउझरमध्ये असतं, अँड्रॉइडमध्ये असतं, युनिटीत नव्हतं. आठ दिवस डोकं फोडलं. शेवटी करमाळ्यावाल्याने प्रत्येक शब्दाचं चित्र बनवलं. एकशे चाळीस चित्रं. एक शब्द बदलायचा म्हटलं की तो रडकुंडीला यायचा. म्हणून मग बाजारवाला म्हणाला, "लिहिताय कशाला? बोला की."

म्हणून आवाज आला. एक ते शंभर, प्रत्येक आकडा तीन वेळा. हॉस्टेलच्या खोलीत रात्री एक वाजता, डोक्यावरून घोंगडी घेऊन, आत मोबाइलचा रेकॉर्डर. आतून "त्रेसष्ट... चौसष्ट... पासष्ट" आणि बाहेर आम्ही तिघं हसू दाबत.

तेव्हा प्रथमच लक्षात आलं की मराठीत शंभरपर्यंत मोजणं हे किती अवघड काम आहे. इंग्रजीत वीसपर्यंत पाठ केलं की पुढे नियम आहे. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक आकड्याला स्वतंत्र नाव. शिवाय बोलताना एकक आधी आणि दशक नंतर, लिहिताना उलटं. सत्तावन्न म्हणताना तोंडात आधी सात येतो आणि कागदावर आधी पाच. त्यात 'एकोण'. एकोणऐंशी ऐकलं की मुलाच्या कानात 'ऐंशी' राहतं, तो ८९ लिहितो. आमचा ग्रुप फुटल्यावर दोनच महिन्यांनी, जून २०१९ मध्ये, यावरूनच महाराष्ट्रात गदारोळ झाला. आठवतंय का? बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'तीस दोन' अशी वाचायची पद्धत दिली होती. विधानसभेपर्यंत विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या (त्या २०२३ साली गेल्या). त्या सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, लहान मुलांना सोपं जावं म्हणून दुसरा मार्ग दिलाय. ज्यांनी कधी सात वर्षांच्या मुलाला एकोणऐंशी लिहायला सांगितलेलं नाही तेच जास्त हसत होते, असं माझं मत. असो.

आता शाळा. डिसेंबरमध्ये जवळच्याच एका वस्तीवरच्या शाळेत गेलो, बाईंना विचारून. चौदा मुलं, आमचे तीन फोन. वीस मिनिटांत सगळ्यांचे स्कोअर शंभरपैकी शंभर! आम्ही एकमेकांना टाळ्या द्यायच्या बेतात होतो. बाई शांतपणे म्हणाल्या, "त्यांना गणित नाही आलं, तुमची गेम आली." आम्ही बघितलं. पोरं चारी पर्यायांवर टकाटका बोटं मारत होती. चुकीला शिक्षा नव्हती, कुठलं तरी एक बरोबर यायचंच. एक मुलगी तर स्क्रीनकडे न बघता, खिडकीबाहेर बघत खेळत होती.

परत येताना कोणी बोललं नाही. दौंडवाला म्हणाला मायनस मार्किंग टाकू. जेईई करून आलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार.

रात्री मेसमध्ये बाजारवाल्याने खांद्यावरचा नॅपकिन काढला, माझा हात धरला आणि नॅपकिन दोघांच्या हातांवर टाकला. आतून माझी बोटं दाबली. "किती?"

जनावरांच्या बाजारात भाव असा ठरतो, किंवा जुनी माणसं अजून ठरवतात. रुमालाखाली. आजूबाजूला दहा जण उभे असतात, त्यांना आकडा कळता कामा नये, म्हणून तोंडाने भलतंच बोलायचं आणि बोटांनी खरं. एक बोट म्हणजे शंभर की हजार हे दोघांना आधीच माहीत असतं. "यात पर्याय कुठंयत? चार पर्याय दिले तर बाजार उठंल," तो म्हणाला. "आणि तुमची शेळी एकोणऐंशी रुपयाची. एकोणऐंशी रुपयात शेळीची दोरी येती का? पोरं हसतात तुम्हाला."

आमचं म्हणणं, दुसरीचा अभ्यासक्रम शंभरपर्यंत, आम्ही काय करणार? त्यावर तो म्हणाला, एकोणऐंशीच ठेवा, पण शेकड्यात. एकोणऐंशी शेकडे. म्हणजे सात हजार नऊशे. "आता आली ना शेळी?"

हे मी आता लिहितोय तेव्हा साधं वाटतं. त्या रात्री आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. चार वर्षं आम्ही त्याला रेकॉर्ड लिहायला मदत करायचो, आणि स्थानिक किंमत ही आख्खी भानगड त्याने डाळ-भातावर बसून सोडवली होती.

पुढे काम माझं होतं, तेही खोटं नाही. पहिला बेत असा की मुलाने खरीच पाच बोटं स्क्रीनवर टेकवायची. माझ्या फोनवर झकास चाललं. करमाळ्यावाल्याच्या वडिलांच्या फोनवर दोनच बोटं कळायची, स्वस्त स्क्रीनला तेवढीच ताकद. मग स्क्रीनवर रुमाल काढला. रुमालावर आधी दशकाचे टोले, थोडं थांबून एककाचे. सात, मग नऊ. पलीकडचा व्यापारी उत्तर द्यायचा ते थरथरून, सात आणि चार. म्हणजे त्याने चौऱ्याहत्तर मागितले, तुम्ही ठरवा. युनिटीचं तयार व्हायब्रेशन एकेक जवळपास अर्ध्या सेकंदाचं, नऊ वेळा वाजलं की फोन मिक्सरसारखा टेबलावरून चालायला लागायचा. मग जावात एक छोटा तुकडा लिहून अँड्रॉइडला थेट सांगितलं, एकशेवीस मिलिसेकंदच. तो तुकडा मी अजूनही चांगला कोड समजतो.

फेब्रुवारीत परत शाळेत गेलो. यावेळी गोंगाट नव्हता. पोरं फोन कानाशी, गालाशी धरून थरथर मोजत होती. खिडकीबाहेर बघणारी मुलगी ओठ हलवत मोजत होती. एक पोरगा होता, आजोबांबरोबर शेळ्या घेऊन बाजारात जाणारा. बाई म्हणाल्या होत्या की वहीत त्याला हातचा येत नाही. त्याने तीन मिनिटांत आमच्या व्यापाऱ्याला नागवला. बाजारवाला त्याच्या शेजारी उकिडवा बसला होता, म्हणाला, "ह्यो माझ्यापेक्षा पुढं जाणार." मी फोटो काढला. तो फोटो फोल्डरमध्ये आहे.

दुसरीचे चौदा विद्यार्थी आणि दोन भेटी यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण आम्ही जे त्या खोलीत बघितलं ते दुसरीकडे नीट मोजलं गेलंय. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गाड्यावर हिशोब विचारला तर शंभरातले अठ्ठ्याण्णव बरोबर, तीच गणितं कागदावर मांडून दिली तर सदतीस. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर पेपर आला, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो वगैरेंचा. बाजारात काम करणाऱ्या मुलांना शाळेचं गणित जमेना आणि शाळेतल्या मुलांना बाजाराचं. मी तो ऑफिसात, स्टँडअप चालू असताना वाचला. शेजारच्याला दाखवावासा वाटला, पण मग गेमबद्दल सांगावं लागलं असतं.

गेम तिथेच राहिली. प्ले स्टोअरचे पंचवीस डॉलर भरायला कोणाकडे चालणारं कार्ड नव्हतं, म्हणून शेअरइटने पाच-सहा फोनवर दिली. पुढे २०२० मध्ये शेअरइटवरच बंदी आली. एक बग राहिला, ७९ आणि ८९ च्या फाइलींची नावं उलटसुलट झाली होती. बाजारवाला दर दोन दिवसांनी आठवण करायचा, मी म्हणायचो सबमिशननंतर.

नंतर कधीतरी 'ओरेगॉन ट्रेल'बद्दल वाचलं. अमेरिकेत शाळांमधून गाजलेली गेम. ती १९७१ साली मिनेसोटात तीन विद्यार्थी-शिक्षकांनी केली. इतिहास शिकवणारा डॉन रॉविच, आणि त्याचे दोन रूममेट बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर, जे गणितवाले. कल्पना रॉविचची, कोड बऱ्यापैकी त्या दोघांचा. दोन आठवड्यांत, टेलिप्रिंटरवर. स्क्रीनच नव्हता, शिकार करायची तर कागदावर 'बँग' टाइप करायचं, पटकन आणि स्पेलिंग न चुकता. सत्र संपल्यावर रॉविचने प्रोग्रॅम मशीनवरून पुसला, पण छापील प्रत जपून ठेवली आणि १९७४ मध्ये नव्या नोकरीत ती पुन्हा टाइप केली. आज पन्नास वर्षांनंतरही तिघांची नावं एकत्र घेतात. कोणी काय केलं हेही सांगतात.

मी ते वाचून टॅब बंद केला होता.

कारण असं. व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, यात नावीन्य काय? रास्त प्रश्न होता. बाजारवाला मराठीत सांगायला लागला. सर म्हणाले, इंग्लिशमध्ये सांगा. तो थांबला. तीन-चार सेकंद असतील. मी पुढे होऊन बोललो, रुमाल, टोले, स्थानिक किंमत, सगळं, छान इंग्रजीत. सर खूश. त्याला ग्रुपमध्ये सगळ्यात कमी मार्क पडले. तेव्हा मला वाटलं मी त्याला वाचवलं.

मग पुण्याला पूल कॅम्पस होता. तो बसू शकत नव्हता, बॅकलॉग आणि टक्केवारी दोन्ही आडवं. तरी सोबत आला, डेमोला त्याचा फोन जास्त चांगला होता म्हणून. इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडमनी गेम खेळून बघितली, रुमाल थरथरला तशा हसल्या आणि विचारलं, हे कोणाला सुचलं?

मी म्हणालो, मला.

विचार करून म्हणालो असंही नाही. तोंडातून गेलं. पण नंतर दहा मिनिटं ते सजवत बसलो, की मी एकदा बाजारात गेलो होतो, तिथे बघितलं आणि मग... दुरुस्त करायला दहा मिनिटं होती.

तो बाहेर टपरीवर थांबला होता. "काय विचारलं?"

"रुमालाचं विचारलं."

"मग?"

"आवडलं त्यांना."

त्याने वडापाव खाऊ घातला. दौंडपर्यंत त्याचा आनंद मावत नव्हता. नोकरी लागल्यावर मी लिंक्डइनवर टाकलं, 'संकल्पना आणि विकास'. त्या पोस्टला पहिलं लाइक त्याचं.

त्याने पुढे डिग्री पूर्ण केली आणि वडिलांच्या धंद्यात गेला. २०२१ मध्ये त्याच्या लग्नाला मी गेलो नाही. रिलीज होती. (रिलीज खरंच होती. पण ती सोमवारी होती आणि लग्न रविवारी.)

तर परवाच्या शनिवारी, चहा झाल्यावर, मी गेमचा स्क्रीन रेकॉर्ड केला आणि त्याला व्हॉट्सअॅप केला. खाली लिहिलं, "आपली गेम अजून चालते." मग बराच वेळ टाइप केलं, पुसलं, टाइप केलं. शेवटी एवढंच पाठवलं, "इंटरव्ह्यूत मी सांगितलं होतं की रुमाल मला सुचला. तुला कधी सांगितलं नाही."

दोन टिका. निळ्या झाल्या. शनिवार होता, म्हणजे तो बाजारात असणार. एक वाजला, दोन वाजले. अडीचला उत्तर आलं.

"एकोणऐंशीला अजून एकोणनव्वदच वाजतंय का?"

गेम उघडली. शेळी आली, रुमाल आला. सात टोले, थांबलो, नऊ टोले. घोंगडीतून त्याचा बावीस-तेवीस वर्षांचा आवाज आला, "एकोणनव्वद!"

"हो," मी लिहिलं.

"सहा वर्ष झाली. आता तर कर की दुरुस्त."

जुना प्रोजेक्ट नव्या युनिटीत उघडला नाही, शंभरेक लाल ओळी आल्या. २०१८ ची युनिटी शोधून डाउनलोडला लावली आहे. लॅपटॉप विकायचं तूर्त पुढे ढकललंय.